वॉर्ड सोडल्याशिवाय बढती का नाही?

१,२०० ग्रॅमचं बाळ. हाताची शीर दोऱ्याएवढी. तिच्यात सुई घालायची, शीर फुटू न देता सलाईन चालू ठेवायचं आणि हे सगळं करेपर्यंत बाळ गार पडू द्यायचं नाही. माझ्या बरोबरीच्या एका सिस्टरच्या हाताला हे काम असं बसलं होतं की दोनदा प्रयत्न फसले की नवे डॉक्टर मुकाट्याने बाजूला व्हायचे आणि तिला हाक मारायचे. विनंत्या करकरून, बदल्या टाळत तिने नवजात शिशू कक्षात ११ वर्षं काढली होती. मग ज्येष्ठता यादीत तिचं नाव वर आलं आणि ती परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज, झाली. आम्ही पेढे खाल्ले. पुढच्या सोमवारपासून ती दुसऱ्या मजल्यावरच्या एका मोठ्या वॉर्डात चादरींचा हिशेब, औषधांचं इंडेंट म्हणजे मागणीपत्र, डाएट शीट आणि ड्युटी लिस्ट सांभाळू लागली. बाळांच्या कक्षात तिच्या जागी आलेली मुलगी तोवर हाडांच्या वॉर्डात होती.

तेव्हा मला यात काहीच खटकलं नव्हतं. बढती म्हणजे हेच असतं, असं आम्ही सगळ्या धरून चाललो होतो. मीही त्याच वाटेने गेले. १९८७ मध्ये सरकारी नोकरीत लागले आणि ३७ वर्षांनी, २०२४ मध्ये, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. आता नाशकात घरी बसून मागे बघते तेव्हा वाटतं, आमच्या पेशातली मोठी चूक तिथेच आहे. जी पेशंटजवळ उत्तम काम करते तिला बक्षीस म्हणून पेशंटपासून दूर न्यायचं, अशी आमची पदांची शिडी आहे. शिक्षण कितीही वाढवलं, महाविद्यालयं कितीही उघडली, तरी ही शिडी बदलल्याशिवाय रुग्णाच्या पदरात त्यातलं फार थोडं पडेल, असं माझं ठाम मत झालं आहे.

शिडी कशी आहे ते आधी सांगते, कारण बाहेरच्या लोकांना सगळ्या जणी ‘सिस्टर’च वाटतात. राज्य सरकारच्या रुग्णालयात मुलगी अधिपरिचारिका म्हणून लागते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे तिची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते. त्यावर परिसेविका, म्हणजे आपली इन्चार्ज सिस्टर. त्यावर सहायक अधिसेविका, आणि सगळ्यात वर अधिसेविका, जिला आम्ही मेट्रन मॅडम म्हणतो. शिकवण्याकडे वळायचं तर पाठ्यनिर्देशिका होता येतं. एकेक पायरी चढताना पेशंटशी येणारा संबंध कमी होत जातो. पहिल्या पायरीवर आठ तासांतले सात तास पेशंटजवळ, दुसऱ्या पायरीवर राउंडपुरता, त्यापुढे तक्रार आली तरच. आणि वरच्या जागा इतक्या थोड्या की पहिल्या पायरीवर लागलेल्यांपैकी कित्येक जणी तिथूनच निवृत्त होतात.

डॉक्टरांकडे बघा. सर्जन जसजसा मोठा होतो तसतशा त्याच्याकडे अवघड केसेस येतात. त्याचं वय, त्याचा अनुभव ऑपरेशन टेबलापाशीच कामी येतो. वीस वर्षांच्या अनुभवाचा सर्जन आहे म्हणून त्याला कुणी कपाटाच्या किल्ल्या सांभाळायला बसवत नाही. आमच्याकडे मात्र वीस वर्षांच्या अनुभवाचा अर्थ किल्ल्या असाच होतो.

इन्चार्जचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. मी ते केलं आहे. इंडेंट वेळेवर गेलं नाही तर रात्री तीन वाजता अॅड्रिनलिनचं अँप्यूल सापडत नाही, आणि ड्युटी लिस्ट चुकली तर नाईटला एकटी मुलगी ४० खाटा सांभाळते. पण या कामाला लागणारा हात वेगळा आणि बाळाची शीर शोधणारा हात वेगळा. दोन्ही कामांत मोठं होण्याची वाट एकच ठेवली आहे, आणि त्यात पेशंटचं नुकसान आहे.

किती नुकसान, त्याचं एकच उदाहरण देते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला ऑक्सिजन लावला की त्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखायचं असतं. कमी पडलं तर मेंदूला धोका. जास्त झालं तर डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि दृष्टी जाऊ शकते. मॉनिटरवर आकडा १०० दिसला की नवशिक्या मुलीला हायसं वाटतं, अनुभवी सिस्टर लगेच ऑक्सिजन कमी करायला उठते. हा फरक पुस्तकात लिहिलेला आहे, परीक्षेत विचारलाही जातो. पण रात्री दोन वाजता, चार बाळं एकदम रडत असताना, तो हाताला आठवायला वर्षं लागतात. ती वर्षं ज्यांनी घातली त्यांना आपण सहा-सहा महिन्यांच्या रोटेशनवर कधी सर्जिकलला, कधी ओपीडीला पाठवतो आणि शेवटी बढती देऊन कायमचं तिथून उचलतो.

शिक्षण वाढलं की रुग्ण वाचतात, याला जगात पुरावा आहे. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या ९ देशांच्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली, आणि एका परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. लोक या अभ्यासाचं पहिलं वाक्य सांगतात, दुसरं विसरतात. आणि दोन्ही वाक्यांत एक गोष्ट गृहीत आहे: ती पदवीधर परिचारिका त्या वॉर्डात, त्या पेशंटच्या उशाशी उभी आहे. आमच्याकडे एम.एस्सी. झालेली मुलगी वॉर्डात राहिली तर तिला तिच्या पदवीचं काय मिळतं? जवळजवळ काही नाही. म्हणून ती महाविद्यालयात शिकवायला जाते, आणि तिला दोष देता येत नाही.

शिकवायला गेली की दुसरी अडचण सुरू होते. दोन वर्षांत तिचा वॉर्डाशी संबंध तुटतो. विद्यार्थिनी तिच्यामागे रांगेने वॉर्डात येतात, केस बुक भरतात, ताप-नाडीचे आकडे कुणाच्या तरी वहीतून उतरवतात आणि बस आली की जातात. वॉर्डातल्या सिस्टरला त्या आपल्या वाटत नाहीत, त्यांना वॉर्ड आपला वाटत नाही. २०२१ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलने बी.एस्सी.चा अभ्यासक्रम सेमिस्टर आणि क्रेडिट पद्धतीचा केला, कौशल्य प्रयोगशाळेवर भर दिला. चांगली गोष्ट. पुतळ्यावर हात बसवून मग माणसाला हात लावावा, हे बरोबरच आहे. पण पुतळ्यानंतर माणसापाशी तिच्या शेजारी कोण उभं असतं, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमाने सुटत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये, जिथे आणि दिल्लीत १९४६ मध्ये देशातली परिचर्येची पदवी पहिल्यांदा सुरू झाली, शिकवणाऱ्या परिचारिका वॉर्डाची जबाबदारीही सांभाळतात. आपल्याकडे ही दोन खाती वेगळी आणि त्यांचे हजेरीपटही वेगळे.

आता सुरगाणा किंवा पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या मुलीचं सांगते, कारण आमच्या जिल्ह्यात या पेशात येणाऱ्या मुली मोठ्या संख्येने त्या बाजूच्या आहेत. बारावी झाली, शास्त्र शाखा नव्हती, घरी पैसे नव्हते, म्हणून ती एएनएम हा परिचर्येचा दोन वर्षांचा प्राथमिक अभ्यासक्रम करते आणि उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून लागते. आदिवासी भागात एका उपकेंद्रामागे साधारण ३,००० लोकसंख्या धरतात. लसीकरण, बाळंतपणं, गरोदर बायकांच्या तपासण्या, द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे गेलेल्या कुटुंबांचा पाठपुरावा, हे सगळं ती करते. पाच-सात वर्षांनी तिला पुढे शिकावंसं वाटलं तर? कागदावर वाट उघडी आहे. एएनएम झालेल्या मुलीला जीएनएम या वरच्या डिप्लोमाला प्रवेश मिळतो. पण तिथे तिला पहिल्या वर्षापासून बसावं लागतं. तीन वर्षं जीएनएम, मग दोन वर्षं पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग दोन वर्षं एम.एस्सी. आधीची दोन धरून नऊ. बारावी शास्त्र करून सरळ आलेल्या मुलीला एम.एस्सी.पर्यंत सहा वर्षं लागतात. शंभर बाळंतपणं केलेल्या बाईला ताप कसा मोजावा हे पुन्हा पहिल्या वर्षात शिकावं लागतं आणि तिच्या हातच्या त्या बाळंतपणांचं एक क्रेडिटही कुठे जमा होत नाही. क्रेडिट पद्धत आणली आहेच, तर तिचा पहिला हक्क या मुलींचा असायला हवा. अनुभव तपासून, परीक्षा घेऊन किमान एक वर्ष माफ करा. माफ हा शब्दही मला पटत नाही. ते वर्ष तिने आधीच उपकेंद्रात दिलेलं असतं.

यातलं बरंचसं आमच्या नाशकातूनच सुटू शकतं, म्हणून मला ही तळमळ जास्त आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथे आहे. अभिमत विद्यापीठं सोडली तर राज्यातल्या बहुतेक बी.एस्सी. आणि एम.एस्सी. नर्सिंगच्या पदव्यांवर म्हसरूळचा, म्हणजे याच विद्यापीठाचा, शिक्का असतो. आपल्या शहरात जिल्हा रुग्णालय आहे, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, महापालिकेची झाकीर हुसेन आणि बिटको रुग्णालयं आहेत, आडगावला मराठा विद्या प्रसारकचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि एका तासाच्या अंतरावर आदिवासी तालुके सुरू होतात. परिचर्येच्या शिक्षणाचा नवा प्रयोग करायला लागतं ते सगळं एका जिल्ह्यात आहे. डिप्लोमाच्या परीक्षा मुंबईच्या मंडळाकडे आणि पदवीच्या विद्यापीठाकडे, ही विभागणी आड येते हे मला माहीत आहे. पण दोघांनी एकत्र बसावं असं सांगणारं कुणी तरी हवं.

विशेष शिक्षण नाही असंही नाही. नवजात शिशू, अतिदक्षता, कर्करोग, ऑपरेशन थिएटर, मनोरुग्ण अशा विषयांत नर्सिंग कौन्सिलचे एक-एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा कधीपासून आहेत. अतिदक्षतेत नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, ज्यात मुलगी रेसिडेंट डॉक्टरसारखी वॉर्डात राहून शिकते. माझ्या ओळखीच्या एका मुलीने पदरचे पैसे आणि बिनपगारी रजा घालून अतिदक्षतेचा डिप्लोमा केला. परत आली तेव्हा ड्युटी लिस्टमध्ये तिचं नाव स्त्रियांच्या मेडिसिन वॉर्डासमोर होतं. तिने विचारलं तर उत्तर मिळालं, ‘रोटेशन आहे सिस्टर, सगळ्यांना सारखंच.’ सर्टिफिकेट सेवापुस्तकात चिकटवलं गेलं. तिच्यानंतर तिथल्या कुणी तो डिप्लोमा केलेला मी ऐकलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रशासनाची शिडी आहे तशी ठेवा, आणि तिच्या शेजारी वॉर्डातली दुसरी शिडी उभी करा. ठरावीक वर्षं एका विशेष कक्षात काम, त्या विषयाचा डिप्लोमा किंवा पदव्युत्तर शिक्षण, आणि पेशंटच्या पलंगापाशी घेतलेली परीक्षा, एवढं झालं की अधिपरिचारिका ‘विशेषज्ञ’ व्हावी, तिला परिसेविकेची वेतनश्रेणी मिळावी आणि तिने त्याच कक्षात राहावं. आणखी वर्षांनी तिच्याकडे नव्या मुलींना शिकवण्याची अधिकृत जबाबदारी यावी आणि श्रेणी पुन्हा वाढावी. तिची बदली झाली तर त्याच प्रकारच्या कक्षात व्हावी. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २००४ पासून पगाराचे बँड असे आहेत की रुग्णांना हात लावणारी विशेषज्ञ परिचारिका वॉर्ड मॅनेजरच्या बरोबरीचा पगार घेऊ शकते. आपल्याकडच्या मुली तिकडे जातात त्या फक्त पौंडांसाठी जात नाहीत.

पैसा कुठून आणायचा, असं लगेच विचारलं जाईल. तर ऐका. राज्य सरकारची आश्वासित प्रगती योजना आहे. बढतीची जागा नसेल तर १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर कर्मचाऱ्याला वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते. म्हणजे परिसेविकेचा पगार सरकार अनेक अधिपरिचारिकांना आजही देतं. फक्त त्या बदल्यात त्यांच्याकडून वेगळं काही मागत नाही, त्यांना वेगळं काही शिकवतही नाही, आणि त्यांच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर काही बदलत नाही. ही योजना काढून घ्या असं मी अजिबात म्हणत नाही. ती संघटनांनी भांडून मिळवलेली आहे आणि ज्यांना शिकायला जमलं नाही त्यांचाही तो हक्क आहे. मी एवढंच म्हणते की जी बाई पगाराच्या त्या पातळीवर तशीही पोचणार आहे, तिला विशेषज्ञतेची वाट दाखवायला सरकारला वाटतो तेवढा खर्च येणार नाही.

माझ्याच मैत्रिणींचा एक आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणतात, ‘ज्येष्ठता यादी तरी बरी. तारीख ती तारीख. गुणवत्ता आली की वशिला आला.’ ही भीती खोटी नाही. गोपनीय अहवाल कसे लिहिले जातात हे आम्ही पाहिलं आहे. साहेबांच्या मर्जीवर विशेषज्ञ ठरणार असतील तर मीही या शिडीच्या विरोधात उभी राहीन. म्हणूनच परीक्षा रुग्णालयाबाहेरच्या परीक्षकांनी घ्यावी, कौशल्यांची नोंदवही असावी, निकष आधी छापून लावलेले असावेत. विद्यापीठ दर वर्षी हजारो विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षा बाहेरचे परीक्षक नेमून घेतं. सेवेतल्या परिचारिकांसाठी ते त्याला अशक्य नाही. (सध्या दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. ते बहुतेक जणी सभागृहात भाषणं ऐकून भरतात. एवढे सगळे तास एकदा पेशंटपाशी मोजून बघा.)

डॉक्टरांमधल्या काहींना वाटतं की परिचारिका ‘विशेषज्ञ’ झाली तर ती त्यांच्या अधिकारात हात घालेल. ज्यांनी कधी चांगल्या सिस्टरबरोबर रात्र काढली आहे ते डॉक्टर असं म्हणत नाहीत.

२०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिसाहाय्य आयोगाचा कायदा केला. शिक्षण, महाविद्यालयांचं मूल्यमापन, नोंदणी यांसाठी त्यात वेगवेगळी मंडळं आहेत. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं जाहीर झाली. शिक्षणाच्या बाजूला हालचाल आहे हे मान्य. पण पदं कोणती, पगार किती, बदली कशी हे राज्याच्या सेवा नियमांत ठरतं. ते नियम बदलले नाहीत तर या १५७ महाविद्यालयांतून शिकून निघालेल्या मुलीही त्याच जुन्या शिडीच्या तळाशी येऊन उभ्या राहतील.

खासगीत तर शिडीच नाही. मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत किती रुग्णालयं उभी राहिली ते नाशिककरांना सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, आणि २०० खाटांच्या वर सरकारी पगाराएवढे. त्या शिफारशीला इतकी वर्षं झाली. आजही माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या मुलींपैकी काही त्याहून कमी पगाराचे आकडे खालच्या आवाजात सांगतात. शेजारच्या पलंगावर सहा महिन्यांचा कुठला तरी ‘कोर्स’ केलेली, नोंदणी नसलेली मुलगी तसाच पांढरा ड्रेस घालून इंजेक्शन देत असते. तिचाही मला राग येत नाही. तिला फसवून फी घेतलेली असते. पण चार वर्षं शिकलेल्या मुलीने काय समजायचं? ती जर्मन भाषेचा क्लास लावते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जाणाऱ्या मुलींना माझा आशीर्वाद आहे. पण जो खर्च आणि जी काळजी आपण त्यांना परदेशी भाषा शिकवण्यासाठी घेतो, तेवढीच त्यांना इथल्या अतिदक्षता कक्षात टिकवण्यासाठी का घेत नाही, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आपल्याकडे या पेशाला ‘सेवा’ म्हणतात. हा शब्द मला प्रिय आहे. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विधवा आणि टाकलेल्या बायकांना परिचर्येचं शिक्षण मिळवून दिलं तेव्हा या शब्दाने त्यांना घराबाहेर पडायला आधार दिला. सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना १८९७ मध्ये गेल्या. पण सेवा म्हटलं की कौशल्य दिसेनासं होतं. माया असली की झालं, असं लोकांना वाटतं. मायेने शीर सापडत नाही. आमच्या मुलींना हार आणि गुलाबाची फुलं दर १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, मिळतात. त्यांना सेवापुस्तकात एक नवा रकाना हवा आहे.

बाळांच्या कक्षातली माझी ती मैत्रीण माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झाली. पंचवटीत राहते. परवा तिच्याकडे जेवायला गेले होते. पान वाढलेलं होतं आणि तिचा फोन वाजला. जुन्या कक्षातली एक मुलगी होती, रडकुंडीला आलेली. मैत्रिणीने हात धुतले, फोन स्पीकरवर टाकला आणि शांतपणे सांगू लागली. ‘कोपर सोड. हाताची मागची बाजू बघ. आधी ऊब दे, घाई नको. पंजाखाली टॉर्च धर, दिसेल. दिसली? आता सुई आडवी घाल, अगदी आडवी.’ पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि ती मुलगी म्हणाली, ‘मिळाली, मॅडम.’ फोन ठेवून मैत्रीण पुन्हा पानावर बसली. असे फोन किती येतात, मी विचारलं. ‘आठवड्यातून दोन-तीन,’ ती म्हणाली, आणि मला भाकरी वाढली.